शब्द आहेत, वाक्य नाही

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत शिफ्ट बदलताना सुपरवायझर दुसऱ्याला सांगतो, ‘सँडमध्ये मॉइश्चर जास्त होतं, कास्टिंगला ब्लोहोल आले, पूर्ण लॉट रिजेक्ट केला.’ एवढ्याशा बोलण्यात सहा इंग्रजी शब्द आहेत, आणि सहाही जागच्या जागी, नेमक्या अर्थाने वापरलेले. हीच गोष्ट बाहेरच्या ग्राहकाला फोनवर इंग्रजीत सांगायची वेळ आली की तोच माणूस अडखळतो आणि फोन मॅनेजरकडे देतो. रोजच्या वापराचं इंग्रजी कसं शिकावं, शब्द वाढवून की व्याकरण घोटून, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. पण तो घालणारे बहुतेक जण ह्या सुपरवायझरच्या तोंडातल्या सहा शब्दांकडे पाहतच नाहीत. म्हणून तो वाद इथे दोन माणसांच्या तोंडी घातला आहे. एक मामा, हायस्कूलमधून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक. दुसरी त्यांची भाची, राजारामपुरीत स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवणारी. दोघंही कल्पित. त्यांची मतं मात्र कोल्हापुरात गल्लोगल्ली ऐकू येतात.

मामा : ‘अगं, तुझ्या क्लासच्या बोर्डावर ‘व्याकरणाशिवाय इंग्रजी’ असं लिहिलंय, ते आधी पुसून टाक. व्याकरणाशिवाय भाषा नसतेच. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पहिल्या धड्यापासून सोडवली, चुकलं की छडी खाल्ली. पण आमच्यातला कारकून झालेला पोरगासुद्धा बिनचूक अर्ज लिहायचा. 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी आणलं. चार वर्षं वाढवून मिळाली, आणि निघालं काय? 2022 च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या खेड्यापाड्यांतली आठवीची निम्मीसुद्धा मुलं साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकली नाहीत. गाणी म्हणून घेतली, चित्रं दाखवली, कर्ता-कर्म-क्रियापद मात्र सांगितलं नाही. पाया न घालता स्लॅब टाकल्यावर दुसरं काय होणार?’

भाची : ‘मामा, तुमच्या वर्गातले किती जण बोलायचे ते सांगा की. बारा काळांचा तक्ता पाठ असलेली मुलं माझ्याकडे येतात, इंजिनिअर झालेली असतात. पास्ट परफेक्ट कंटिन्युअसची व्याख्या विचारली तर घडाघडा सांगतात आणि ‘तुमची बस किती वाजता आहे’ हे इंग्रजीत विचारायला सांगितलं की खाली बघतात. त्यांना व्याकरण कमी पडलेलं नाही, त्याचीच भीती बसली आहे. तोंड उघडायच्या आधी डोक्यात लाल पेन फिरतो. मी तो काढून घेते. शब्द देते, तयार वाक्यं देते आणि चुकू देते. मूल मातृभाषा शिकताना कुठं व्याकरण शिकतं?’

भाचीचा हा शेवटचा प्रश्न सगळ्यांना पटतो आणि मला तोच सगळ्यांत कच्चा वाटतो. मूल व्याकरण शिकत नाही हे खरं. पण त्याला भाषेचा सहवास किती मिळतो ते मोजून पाहावं. रोज पस्तीस मिनिटांची एक तासिका आणि वर्षाला दोनशे दिवस धरले तर वर्षाचे एकशे सतरा तास होतात. दहा वर्षांचे साधारण बाराशे, आणि त्यातलाही मोठा भाग धडा मराठीत समजावण्यात जातो. घरातलं मूल तेवढं मराठी काही महिन्यांतच ऐकून मोकळं होतं. शिवाय जिथे सहवास भरपूर असतो तिथेही नुसत्या सहवासाने सगळं येतंच असं नाही. रिचर्ड श्मिट यांनी 1983 मध्ये हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासात त्याचं नाव वेस. इंग्रजी बोलणाऱ्यांतच त्याचा वावर होता, गप्पांत तो रमायचा, लोकांनाही तो आवडायचा. श्मिट यांनी त्याच्या बोलण्याची तीन वर्षांची नोंद ठेवली. संभाषणात तो पुष्कळ सुधारला, पण काळ, अनेकवचनं, आर्टिकलं जवळजवळ होती तिथेच राहिली. वेसला भीती नव्हती, लाजही नव्हती. भाचीचा इलाज त्याला जन्मजातच मिळालेला होता.

मामा : ‘बघ, मी म्हणतो तेच झालं.’

भाची : ‘थांबा मामा. मग बंगळूरच्या प्रकल्पाचं काय? एन. एस. प्रभूंनी 1979 ते 1984 दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये व्याकरणाचा अभ्यासक्रमच ठेवला नाही. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे, कोडी दिली आणि इंग्रजीतून सोडवायला लावली. नंतर बेरेटा आणि डेव्हिस यांनी तपासणी केली. सुटी रचना ओळखायच्या चाचणीत नेहमीचे वर्ग पुढे होते. पण संदर्भात व्याकरण वापरायचं म्हटल्यावर प्रभूंची मुलं सरस ठरली. म्हणजे न शिकवता आलेलं व्याकरण शिकवलेल्यापेक्षा जास्त कामाचं निघालं!’

हा पुरावा वजनदार आहे, तो झटकून चालणार नाही. मात्र त्याच्यामागे काय उभं होतं तेही पाहायला हवं. वर्ग मोजके होते. स्वतः प्रभू आणि तयारीचे शिक्षक ते घेत होते, आणि वर्गाला रोज कळेल असं इंग्रजी अखंड मिळत होतं. आपल्या तालुक्यातल्या शाळेत, जिथे इंग्रजी शिकवणारा शिक्षक स्वतःच बोलताना चाचरतो, तिथे हे पुरवायचं कोणी? दुसऱ्या पारड्यात नॉरिस आणि ऑर्टेगा यांचं 2000 सालचं काम आहे. त्यांनी दुसऱ्या भाषेच्या अध्यापनाचे एकोणपन्नास अभ्यास एकत्र तोलले आणि रचना उघड करून शिकवण्याचा परिणाम नुसत्या सहवासापेक्षा जास्त दिसतो असा निष्कर्ष काढला. त्यातल्या बऱ्याच चाचण्या कागदी होत्या हा आक्षेपही त्यावर आहे, आणि तो रास्त आहे. तरीही दोन्ही पुरावे शेजारी ठेवले की एवढं उरतं : जिथे सहवास विपुल आणि शिक्षक उत्तम, तिथे व्याकरण मागच्या दाराने येऊ शकतं. जिथे सहवास तुटपुंजा, तिथे ते दाखवावंच लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मराठी शाळा दुसऱ्या गटात मोडतात.

जुन्या पिढीच्या यशाचा मामांचा दाखलाही ह्याच कसोटीवर घासायला हवा. न्यायमूर्ती रानड्यांचं इंग्रजी शिक्षण कोल्हापुरातच 1851 च्या सुमारास सुरू झालं. राजाराम कॉलेज 1880 ला निघालं, तिथे शिकलेले गोखले 1884 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. त्यांच्या पाठांतराची ख्याती होती आणि इंग्रजीचा पुढे इंग्लंडातही बोलबाला झाला. हे सगळं व्याकरणाच्या घोटणीने झालं असं मानणं सोयीचं आहे. पण त्या शाळांच्या वरच्या वर्गांत इतिहास आणि गणितही इंग्रजीतूनच चालायचं. भाषा दिवसभर कानावर आणि डोळ्यांखाली असायची. शिवाय त्या शाळेच्या दारापर्यंत पोचत होते तरी किती जण? 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतिराव फुल्यांनी सांगितलं ते हेच, की सरकारी पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहतं. कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण यायला शाहू महाराजांचं 1917 साल उजाडलं. तर्खडकरांची पाठमाला पार करणारे आपल्याला दिसतात. तिच्या तिसऱ्या धड्यात शाळा सोडणारे कुठल्याच आठवणींत येत नाहीत.

आता त्या सहा शब्दांकडे येऊ. अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठात 1960 च्या दशकात दहा लाख शब्दांचा छापील इंग्रजी मजकूर गोळा करून मोजला गेला. त्यात एकटा ‘द’ जवळजवळ सात टक्के निघाला, आणि अवघे एकशे पस्तीस शब्द मिळून अर्धा मजकूर भरला. हे शब्द कोणते? द, ऑफ, अँड, टू, इज, वॉज, हॅड, विल, धिस, विच असले. आता कोल्हापूरच्या रस्त्यावरचं मराठी कान देऊन ऐकावं. त्यात स्टँड, तिकीट, रिचार्ज, सायलेन्सर, डिस्चार्ज, ॲडमिशन असे शेकडो शब्द सापडतील, पण ह्या एकशे पस्तीसांतला क्वचितच एखादा. जे सापडतात तेही वेश बदलून आलेले. ‘ऑन’ आणि ‘आऊट’ आपण घेतले, पण ‘पंखा ऑन कर’, ‘तो आऊट झाला’ असे. आयनार हाउगेन यांनी अमेरिकेतल्या नॉर्वेजियन लोकांच्या बोलीवर 1950 मध्ये लिहिताना हेच नोंदवलं होतं : उसनी येतात ती मुख्यतः नामं, वाक्य बांधणारे बारके शब्द आपल्या घरीच राहतात. थोडक्यात, इंग्रजीचा एक अर्धा भाग कोल्हापूरकराला फुकट मिळालेला आहे आणि दुसऱ्या अर्ध्याशी त्याची ओळखच झालेली नाही. राजाराम कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या आणि ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिणाऱ्या माधव ज्यूलियनांना ही उसनवारी नक्कीच सलली असती. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते वेगळ्या लेखात. इंग्रजी शिकवणाऱ्याला मात्र ही आयती ठेव आहे, आणि ती कोणी वापरत नाही. क्लासवाले आणखी नामं विकतात. शाळा ज्यांचा वापर होणार नाही त्या काळांची नावं विचारते.

भाची : ‘म्हणजे शब्दांच्या याद्या बंद? मायकल वेस्टसाहेबांनी ढाक्याला राहूनच हा शब्दसंख्येचा विचार सुरू केला ना? 1953 ची त्यांची दोन हजार शब्दांची यादी साधारण मजकुराचा ऐंशी टक्के भाग व्यापते म्हणतात. मुलांना ती दिली तर काय वाईट?’

वाईट काही नाही. पण ऐंशी टक्के शब्द ओळखीचे असणं आणि वाक्य बोलता येणं ह्यांत फार अंतर आहे. शिवाय त्या दोन हजारांतले किती शब्द मुलाकडे आधीच आहेत हे न पाहता पहिल्यापासून यादी घोकायला लावणं हा वेळेचा अपव्यय आहे. मला इथे महत्त्वाची वाटते ती मराठीने इंग्रजी क्रियापदं उचलण्याची तऱ्हा. आपण ती मूळ रूपात उचलतो आणि पुढे ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडतो : चेक केलं, फिट करतो, पॅक करणार, लॉक होत नाही. काळ सांगायचं काम मराठी क्रियापद करतं, त्यामुळे इंग्रजी शब्दाला शेपूट लागतच नाही. इंग्रजीत ज्याला ‘रिटायर्ड’ म्हणतील त्याला आपण ‘रिटायर झाले’ म्हणतो. ‘सस्पेंड झाला’, ‘कन्फ्यूज झालो’, ‘बोअर झालं’ हे सगळे त्याच माळेतले. म्हणूनच शिकणारा इंग्रजीत ‘आय अॅम कन्फ्यूज’ असं म्हणून जातो. चूक कुठून आली ते बोट ठेवून दाखवता येतं.

हेच रूप इंग्रजीतल्या कोणत्या वाक्यांत जसंच्या तसं बसतं? ‘डिड’, ‘विल’, ‘कॅन’, ‘डोन्ट’ ह्यांच्या मागे. डिड यू चेक? वी डिडन्ट चेक. विल यू पॅक इट? आय कॅन फिट इट. डोन्ट लॉक इट. सुपरवायझरच्या तोंडात असलेलं रूप इथे बदलावंच लागत नाही. ना ‘एस’ जोडायचा, ना ‘ईडी’. म्हणजे प्रश्न, नकार आणि भविष्यकाळ ही रोजच्या व्यवहारात सर्वांत जास्त लागणारी वाक्यं त्याला पहिल्या आठवड्यात, स्वतःच्याच शब्दांनी करता येतील. शिकवण्याचा रूढ क्रम नेमका उलटा आहे. आधी ॲम-इज-आर, मग साधा वर्तमानकाळ आणि त्यातला ‘ही’-‘शी’नंतरचा छळवादी ‘एस’, मग बारा खणांचा तक्ता, आणि प्रश्न विचारणं सगळ्यांच्या शेवटी. माझं म्हणणं असं की व्याकरण आधीच शिकवावं, उघड सांगून शिकवावं, पण सुरुवात ‘डिड’-‘विल’-‘कॅन’च्या चौकटीपासून करावी आणि तीत मुलाच्या तोंडचे शब्द घालावेत. ‘वी रिजेक्टेड द लॉट’ मधला ‘ईडी’ नंतर येईल, आणि तोवर ‘डिड’ रुळलेला असल्यामुळे ‘डिड नॉट वेंट’ ही आपल्याकडची पिढीजात चूक रुजायला जागाच मिळणार नाही.

मामा : ‘क्रम पटण्यासारखा आहे. पण ह्यात एक भोक आहे. चेक, पॅक, फिट हे सगळे बाजारातले शब्द. जाणं, येणं, देणं, घेणं, खाणं, सांगणं ही क्रियापदं मराठीने इंग्रजीतून घेतलीच नाहीत, कारण आपली होती. इंग्रजीत तीच सर्वांत जास्त लागतात, आणि नेमकी तीच वाकडी आहेत. गो-वेंट-गॉन, गिव्ह-गेव्ह-गिव्हन. ती कोण पाठ करून घेणार? शेवटी माझाच तक्ता लागणार की नाही?’

लागणार. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. शब्दांच्या यादीला खरी जागा इथे आहे. ही घरगुती क्रियापदं शे-दीडशेच्या पुढे जात नाहीत. ती तिन्ही रूपांसह पाठच करावीत, पाढ्यांसारखी, आणि थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा म्हणून घ्यावीत. एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी ते धरून ठेवते. पाठांतराची आजकाल जी हेटाळणी चालते ती मला पटत नाही. वाईट आहे ते ‘रोज दहा नवे शब्द’ म्हणून वर्तमानपत्री विशेषणं पाठ करणं. ‘गेव्ह’ न येणाऱ्याला ‘मॅग्नॅनिमस’ येऊन काय करायचं?

भाची : ‘पण शुद्धतेचा हा आग्रह कोणाचा, मामा? ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हटलं तर समोरच्याला कळत नाही का? ब्रज कचरूंनी आयुष्यभर सांगितलं, भारतातलं इंग्रजी हे इथलं इंग्रजी आहे. ज्याच्या घरी तीन पिढ्या इंग्रजी पुस्तकं आहेत त्याने ठरवलेल्या चुका फाउंड्रीतल्या पोराने का मोजाव्यात? व्याकरण हे हुशारीने बांधलेलं फाटक आहे, दुसरं काही नाही.’

भाचीच्या बोलण्यातला राग खरा आहे आणि अर्धं म्हणणंही. ‘आय अॅम हॅविंग’, ‘डिस्कस अबाउट’, ‘माय लेग इज पेनिंग’ ह्यांना मी चुकांच्या वहीत घेणार नाही. अर्थ पोचतो आणि बोलणारा भारतीय आहे एवढंच कळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ‘वी चेक एव्हरी कास्टिंग’, ‘वी चेक्ड एव्हरी कास्टिंग’ आणि ‘वी विल चेक एव्हरी कास्टिंग’ ही तीन वाक्यं घ्या. पहिलं पद्धत सांगतं, दुसरं झालेलं काम, तिसरं नुसतं आश्वासन. माल परत आल्यावर नुकसान कोणी सोसायचं हे ह्यातलं कोणतं वाक्य मेलमध्ये गेलं त्यावर ठरू शकतं. इथे व्याकरण म्हणजेच अर्थ आहे. आणि फाटकाचं म्हणाल तर, ज्याच्या घरी इंग्रजी आहे त्याला चौकट कोणी न शिकवताच मिळते. शाळेत ती न शिकवण्याने नुकसान होतं ते ज्याच्या घरी ती नाही त्याचं. ‘व्याकरणाशिवाय’ हा बोर्ड गरिबाच्या बाजूचा वाटतो खरा, पण फाटकाची किल्ली तो त्याच्या हाती देत नाही.

भाची : ‘बरं, मग ‘द’चं काय? सात टक्के तोच आहे म्हणालात. तुमच्या ‘डिड’-‘विल’च्या यादीत तो कुठंच दिसत नाही.’

दिसत नाही, कारण तो मी मुद्दाम शेवटी ठेवतो. वारंवारिता हा एक निकष झाला, अर्थावर होणारा परिणाम हा दुसरा, आणि दोन्ही एका दिशेने जात नाहीत. ‘वी रिजेक्टेड लॉट’ कळतं. ‘वी रिजेक्ट’ म्हटलं तर केव्हा ते कळत नाही. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे तो ऐकून, वाचून, वर्षानुवर्षं मुरावा लागतो. नियम सांगून तो आलेला क्वचितच दिसतो. भाचीची सहवासाची पद्धत तिथे लागू पडते, आणि तिथे तिला पूर्ण मोकळीक द्यावी. इन-ऑन-ॲटचं बरंचसं तसंच.

फोनवर भाषांतर होतंच की, मग शिकायचं कशाला, हा प्रश्न हल्ली निघतो. मेलपुरता तो बरोबर आहे. पण फोनने लिहिलेल्या मेलमध्ये ‘चेक्ड’ आहे की ‘विल चेक’ हे पाठवण्यापूर्वी वाचून कळायला पुन्हा तीच चौकट लागते.

मामा : ‘माझी अडचण वेगळीच आहे. वर्गात पन्नास-साठ मुलं. प्रत्येकाकडून पाच प्रश्न विचारून घ्यायचे म्हटले तर तासिका संपली.’

भाची : ‘जोड्या लावा की, मामा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने नकार द्यायचा, मग अदलाबदल. साठ मुलांच्या तीस जोड्या एकाच वेळी बोलतात. गोंगाट होतो, तेवढा सोसायचा.’

मामा : ‘गोंगाट सोसेन. पण चूक कोण दुरुस्त करणार?’

भाची : ‘‘डिड’नंतर ‘चेक्ड’ आलं की शेजारचा पोरगाच ओरडतो. नियम एकच असला म्हणजे तो पकडायला मास्तर लागत नाही. बारा असले की लागतो.’

मामा : ‘आणि परीक्षेचं? कोल्हापूर विभागाचा असो की पुण्याचा, दहावीचा पेपर शेवटी लेखीच असतो. तू बोलायला शिकवलंस, मार्क लिहिण्याला मिळणार.’

भाची : ‘त्यासाठी लिहायला तुम्हीच शिकवायचं. शनिवारी दोन तास या क्लासला. पण तक्ता आणायचा नाही.’

मामा : ‘गो-वेंट-गॉनचा तरी आणू देशील?’

भाची : ‘तो आणा.’